दोन रोलांमधल्या तीन सेंटीमीटरांत

मोटारीचे दार, घरातले लोखंडी कपाट, रेल्वेचा रूळ, काँक्रीटमध्ये गाडलेली सळई, स्वयंपाकघरातला स्टीलचा डबा आणि औषधाच्या गोळ्यांची चकचकीत पट्टी या वस्तूंमध्ये वरवर पाहता काहीच साम्य दिसत नाही. पण या सगळ्यांचा धातू कारखान्यात कधी ना कधी दोन फिरत्या रोलांच्या मधून गेलेला असतो. वितळलेल्या पोलादाचा फारच थोडा भाग साच्यात ओतला जाऊन थेट वस्तूच्या रूपाने बाहेर पडतो. उरलेला बहुतेक सगळा आधी रोलिंग मिलमध्ये जातो आणि तिथून पत्रा, पट्टी, सळई, अँगल, चॅनेल किंवा रूळ होऊन निघतो.

या प्रक्रियेचे वर्णन सहसा ‘धातू दाबून पातळ करणे’ एवढ्यावरच आटोपले जाते. ते चुकीचे नाही, पण त्यातून या कामाची खरी अडचण कळत नाही. धातू दाबण्याइतकी ताकद उभी करणे हा प्रश्न अभियंत्यांनी केव्हाच सोडवलेला आहे. कठीण आहे ते वेगळेच: रोल आणि धातू यांचा स्पर्श जेमतेम दोन-तीन सेंटीमीटर लांबीत आणि सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच होतो, आणि तेवढ्या जागेत व तेवढ्या वेळात पत्र्याची जाडी, त्याचा सपाटपणा आणि पुढे त्याच्या अंगी येणारी ताकद यांपैकी बरेच काही ठरून जाते. म्हणून या लेखात यंत्रांच्या प्रकारांची यादी देण्यापेक्षा त्या छोट्याशा जागेत काय घडते, हे समजून घेऊ.

धातू आत ओढला कसा जातो

पोळी लाटताना लाटणे पोळीवरून पुढेमागे फिरते, दाब हातांचा असतो आणि कणीक सगळ्या दिशांना पसरते. रोलिंग मिलमध्ये यातले जवळपास सगळे उलटे आहे. रोल जागच्या जागी फिरतात, धातू त्यांच्यामधून सरकतो, आणि तो पसरतो तो जवळजवळ फक्त लांबीत.

एकावर एक असे दोन रोल विरुद्ध दिशांना फिरत असतात आणि त्यांच्यामधली फट धातूच्या जाडीपेक्षा कमी ठेवलेली असते. धातूची कड रोलांना टेकली की दोन बले एकाच वेळी काम करू लागतात. रोलचा पृष्ठभाग गोल असल्यामुळे त्याचा दाब धातूला काही अंशी मागे ढकलतो, तर रोल आणि धातू यांच्यामधले घर्षण त्याला पुढे ओढते. घर्षण वरचढ ठरले तरच धातू आत शिरतो. नाही तर तो रोलांच्या तोंडाशीच घसरत राहतो. यावरून एक साधा नियम निघतो: रोल धातूला आपणहून आत घेतील अशा बेताने एका वेळी जाडी जास्तीत जास्त किती कमी करता येईल, हे घर्षण गुणांकाचा (घर्षण किती जोरकस आहे ते सांगणाऱ्या आकड्याचा) वर्ग आणि रोलची त्रिज्या यांच्या गुणाकाराइतके असते. त्रिज्या ३०० मिलिमीटर आणि घर्षण गुणांक ०.१ असेल, तर एका वेळी ३ मिलिमीटरपेक्षा जास्त जाडी उतरवता येत नाही. तोच गुणांक ०.३ झाला, तर २७ मिलिमीटरपर्यंत जाता येते. तेल लावून थंड धातूचे रोलिंग करताना गुणांक पहिल्या आकड्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो, तर तापलेल्या धातूचे रोलिंग करताना तो दुसऱ्या आकड्याच्या जवळ जातो. लालबुंद ठोकळा एका फटक्यात बराच खाली येतो आणि थंड पत्रा मात्र थोडा थोडा उतरवावा लागतो, याचे एक कारण हे आहे.

धातू आत शिरल्यावर त्याचे आकारमान बदलत नाही, हे लक्षात ठेवले की पुढचे बरेच काही उलगडते. जाडी निम्मी झाली आणि रुंदी तीच राहिली, तर लांबी दुप्पट व्हावीच लागते, आणि म्हणून धातू बाहेर पडतानाचा वेगही आत जातानाच्या वेगाच्या दुप्पट होतो. रोलच्या पृष्ठभागाचा वेग मात्र सगळीकडे एकच असतो. याचा अर्थ असा की आत शिरताना धातू रोलपेक्षा हळू असतो, बाहेर पडताना तो रोलपेक्षा किंचित पुढे धावत असतो, आणि मध्ये कुठेतरी एका रेषेवर दोघांचा वेग तंतोतंत सारखा होतो. या रेषेला तटस्थ बिंदू म्हणतात. तिच्या अलीकडे घर्षण धातूला पुढे ओढते, पलीकडे तेच घर्षण त्याला मागे रोखते. दोन्ही बाजूंची घर्षणे अशी समोरासमोर आल्यामुळे मधला धातू कोंडला जातो आणि सर्वांत जास्त दाब तिथेच निर्माण होतो.

रोलिंगच्या तेलाचे गणित इतके नाजूक का असते, हेही यावरून कळते. घर्षण जास्त असेल तर कोंडलेल्या धातूचा दाब वाढतो, मोटारीवरचा भार वाढतो आणि पत्र्यावर ओरखडे येतात. घर्षण फारच कमी झाले तर तटस्थ बिंदू सरकत सरकत बाहेरच्या टोकाशी जातो, आणि तो तिथूनही निसटला की रोल नुसतेच घसरत फिरू लागतात. घर्षण हे इथे साधनही आहे आणि अडथळाही. ते नाहीसे करून चालत नाही, त्याला मापात ठेवावे लागते.

पत्रा रुंदीत का पसरत नाही, याचे उत्तरही त्या स्पर्शाच्या जागेतच आहे. स्पर्शाची लांबी ढोबळमानाने त्रिज्या आणि जाडीतली घट यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतकी असते. ३०० मिलिमीटर त्रिज्या आणि ३ मिलिमीटर घट असेल तर ती ३० मिलिमीटर भरते. पत्रा मीटरभर रुंद असेल, तर मधल्या धातूला पुढे किंवा मागे सुटायला दीडेक सेंटीमीटर पुरतात, पण बाजूला सुटायचे तर अर्धा मीटर घर्षण ओलांडावे लागते. साहजिकच तो सोपी वाट धरतो आणि लांबीत वाढतो. कडांजवळचा धातू तेवढा किंचित बाजूला सरकतो.

या लांबीवाढीचे प्रमाण आकड्यांतच पाहावे. २२५ मिलिमीटर जाड, एक मीटर रुंद आणि १० मीटर लांब पोलादी स्लॅबचे, म्हणजे ओतलेल्या सपाट ठोकळ्याचे, वजन सतराअठरा टन भरते. तिचा २ मिलिमीटर जाडीचा पत्रा केला, तर त्याची लांबी सव्वा अकराशे मीटर होते, म्हणजे एक किलोमीटरहूनही जास्त. मोठ्या हॉट स्ट्रिप मिलमध्ये, म्हणजे तापलेल्या धातूची पट्टी लाटणाऱ्या मिलमध्ये, हे काम टप्प्याटप्प्याने होते. स्लॅब भट्टीत सुमारे १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, अतिशय जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने तिच्यावरची गंजाची पापुद्री उडवतात, सुरुवातीची ढोबळ घट करणाऱ्या रफिंग मिलमध्ये तिची जाडी तीसेक मिलिमीटरपर्यंत आणतात, आणि मग एकामागोमाग एक उभ्या असलेल्या सहा किंवा सात स्टँडमधून (रोल बसवलेल्या चौकटींमधून) तिला सलग पार करतात. समजा, ३२ मिलिमीटरची पट्टी पहिल्या स्टँडमध्ये सेकंदाला ०.७ मीटर या वेगाने शिरली आणि शेवटच्या स्टँडमधून २ मिलिमीटरची होऊन निघाली, तर बाहेर पडताना तिचा वेग १६ पट, म्हणजे सेकंदाला ११.२ मीटर असतो. हा वेग ताशी सुमारे ४० किलोमीटर होतो. एकच पट्टी एकाच वेळी सातही स्टँडमध्ये पकडलेली असते, आणि प्रत्येक स्टँडमध्ये जाडी आणि वेग यांचा गुणाकार सारखाच राहावा लागतो. एका स्टँडचा वेग थोडा जरी कमी पडला तरी त्याच्या मागे पट्टीची झोळ पडते, आणि वेग वाढला तर ती ताणून अरुंद होते किंवा तुटते.

रुंद पट्टी अशी सलग लाटण्याची कल्पना विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अमेरिकेतील केंटकी राज्यातल्या ॲशलंड येथे जॉन टायटस या अभियंत्याने प्रत्यक्षात आणली. त्याआधी पत्र्याचे तुकडे कामगार चिमट्यांनी पकडून, पुन्हा पुन्हा रोलांतून काढून तयार करत असत. मोटारी आणि डबाबंद अन्न ज्या प्रमाणात सर्वसामान्यांपर्यंत पोहोचले, त्यामागे या शोधाचा मोठा वाटा आहे असे मला वाटते, आणि त्या मानाने टायटसचे नाव फारच कमी लोकांना ठाऊक आहे.

फटीपेक्षा पत्रा जाड का निघतो

आता या विषयातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट. दोन रोलांमध्ये २ मिलिमीटरची फट ठेवली, तर २ मिलिमीटरचा पत्रा बाहेर येईल असे कुणालाही वाटेल. तसे होत नाही.

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. ५ मिलिमीटरचा थंड पत्रा २ मिलिमीटरवर आणायचा आहे, स्पर्शाची लांबी ३० मिलिमीटर आहे आणि रुंदी १००० मिलिमीटर आहे. म्हणजे स्पर्शाचे क्षेत्रफळ ३०,००० चौरस मिलिमीटर झाले. पोलादाला वाकते करण्यासाठी आणि घर्षणावर मात करण्यासाठी प्रत्येक चौरस मिलिमीटरवर सरासरी ५० किलो भार लागतो असे धरले, तर एकूण भार १५०० टन होतो. हा भार जसा पत्र्यावर पडतो, तसाच तो उलट दिशेने मिलवरही पडतो. मिलचे खांब, स्क्रू, बेअरिंग आणि रोल हे सगळे पोलादाचेच असतात, आणि पोलाद ताणले की थोडे लांबते, दाबले की थोडे चेपते. मोठी मिल साधारणपणे दर ५०० टन भाराला एक मिलिमीटर या प्रमाणात उघडते असे मानले, तर १५०० टनांना ती ३ मिलिमीटर उघडेल. बाहेर येणाऱ्या पत्र्याची जाडी म्हणजे आधी ठेवलेली फट अधिक मिलचे हे उघडणे. आपल्याला २ मिलिमीटरचा पत्रा हवा आहे आणि मिलच ३ मिलिमीटर उघडणार आहे, तेव्हा आधीची फट उणे एक मिलिमीटर असली पाहिजे! उणे फट याचा प्रत्यक्षातला अर्थ असा की पत्रा येण्याआधी रोल एकमेकांना नुसते टेकवून भागत नाही, तर ते ५०० टन भाराने एकमेकांवर दाबून ठेवावे लागतात.

या एका गोष्टीने जाडीच्या नियंत्रणाचा सगळा विचार बदलतो. जाडी केवळ फटीवर अवलंबून नाही, ती भारावरही अवलंबून आहे, आणि भार तर धातूच्या प्रत्येक तुकड्यागणिक बदलतो. भट्टीत स्लॅब ज्या आडव्या आधारांवर टेकलेली असते, ते आधार आतून पाण्याने थंड ठेवलेले असतात, त्यामुळे स्लॅबचा तेवढा भाग बाकीच्यापेक्षा किंचित थंड राहतो. थंड भाग जास्त कठीण असतो, तो रोलांखाली आला की भार वाढतो, भार वाढला की मिल जास्त उघडते आणि पत्रा तिथे जाड होतो. भट्टीतल्या त्या आधारांचे ठसे अशा रीतीने शेकडो मीटर लांबीच्या पट्टीवर ठरावीक अंतराने जाडीच्या रूपात उमटतात.

यावरचा उपाय अतिशय चतुर आहे. मिलवर भार मोजणारी साधने बसवलेली असतात. मिल किती भाराला किती उघडते हे आधीच मोजलेले असल्यामुळे, क्षणोक्षणीचा भार आणि रोलांची जागा यांवरून आत्ता बाहेर पडणारी जाडी हिशेबाने काढता येते. म्हणजे मिल स्वतःच मापनयंत्र बनते. हिशेबात जाडी वाढलेली दिसली की हायड्रॉलिक सिलिंडर रोल आणखी खाली आणतो, आणि हे सेकंदाच्या अगदी छोट्या भागात घडते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये विकसित झालेले हे तत्त्व आज जगभरच्या मिलमध्ये वापरले जाते. क्ष-किरणांनी जाडी मोजणारे उपकरण मिलच्या बाहेर असतेच, पण त्याच्यापर्यंत पत्रा पोहोचेतो काही मीटर माल वाया गेलेला असतो.

जाडी जमली तरी सपाटपणा उरतोच

रोल दोन्ही टोकांना बेअरिंगवर टेकलेला असतो आणि मधोमध हजारो टनांचा रेटा सोसत असतो, त्यामुळे तो वाकतो. रोल वाकला की मधली फट वाढते आणि पत्रा मध्यभागी जाड, कडांना पातळ असा निघतो. जाडीतला हा फरक काही शतांश मिलिमीटरचाच असतो, पण कडा जास्त पातळ झाल्या याचा अर्थ त्या जास्त लांब झाल्या, आणि लांबीतला अगदी क्षुल्लक फरकही डोळ्यांना लगेच दिसतो. एक मीटर लांबीमागे कडेची लांबी मध्यापेक्षा केवळ ०.१ मिलिमीटरने जास्त झाली, तर ती जादा लांबी सामावून घेण्यासाठी कडेला सुमारे ६ मिलिमीटर उंचीची लाट उठते. दहा हजारांत एक इतका फरक, आणि तेवढ्यावरून ग्राहक माल परत पाठवू शकतो. उलट मध्यभाग जास्त लांबला तर पत्र्याला मधोमध फुगवटे येतात.

रोल वाकू नये म्हणून तो जाड करावा, हा उपाय सुचणे स्वाभाविक आहे. पण जाड रोलची त्रिज्या मोठी, म्हणून स्पर्शाची लांबी जास्त, म्हणून लागणारा भारही जास्त. बारीक रोल कमी भारात काम करतो, पण तो वाकतो. या पेचातून निघालेली रचना म्हणजे चार रोलांची मिल: धातूला स्पर्श करणारे दोन रोल बारीक आणि त्यांना पाठीमागून आधार देणारे दोन बॅकअप रोल त्यांच्या दुपटीहून जाड. टाडेउश सेंड्झिमिर या पोलिश अभियंत्याने हीच कल्पना टोकाला नेली. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिलमध्ये वीस रोल असतात, आणि धातूला भिडणारे दोन रोल इतके बारीक असतात की माणसाच्या मनगटाच्या जाडीत बसतील. स्टेनलेस स्टीलसारखा हट्टी धातू पातळ पत्र्यात उतरवायला अशीच मिल लागते.

याशिवाय रोल मुळातच मध्यभागी किंचित फुगीर घासतात, म्हणजे वाकल्यावर तो सरळ होतो. त्याच्या टोकांना जॅक लावून त्याला उलट दिशेने वाकवतात. आणि थंड पाण्याचे फवारे रुंदीच्या वेगवेगळ्या भागांवर कमीजास्त सोडून रोलचा हवा तो भाग किंचित फुगू किंवा आकसू देतात.

उष्ण आणि थंड यांतला खरा फरक

हॉट रोलिंग म्हणजे तापवून आणि कोल्ड रोलिंग म्हणजे न तापवता, हे वर्कशॉपमधले उत्तर रोजच्या कामापुरते पुरेसे आहे. धातुशास्त्रातली सीमारेषा मात्र वेगळ्या ठिकाणी आहे. धातू हा असंख्य सूक्ष्म स्फटिककणांचा बनलेला असतो. रोलिंगमध्ये हे कण चेपतात, लांबट होतात आणि त्यांच्या आतल्या अणूंच्या रांगांमध्ये दोषांची दाटी होते. ही दाटी जितकी जास्त, तितका धातू कठीण होतो आणि तितका तो पुढे वाकायला नाखूष होतो. तापमान पुरेसे असेल, तर चेपलेल्या कणांच्या जागी नवे, निर्दोष कण आपोआप जन्म घेतात आणि धातू पुन्हा मऊ होतो. याला पुनःस्फटिकीकरण म्हणतात. ते ज्या तापमानाच्या वर घडते त्याच्या वरचे रोलिंग हॉट, आणि खालचे कोल्ड. शिसे साध्या खोलीच्या तापमानालाच पुनःस्फटिकीकरण पावते, म्हणून न तापवता लाटलेले शिसेही खऱ्या अर्थाने हॉट रोलिंगच असते. टंगस्टनच्या बाबतीत मात्र १००० अंशांवरचे रोलिंगही कोल्ड ठरते.

हॉट रोलिंगमध्ये धातू पुन्हा पुन्हा मऊ होत असल्यामुळे जाडीत प्रचंड घट करता येते. शिवाय ओतकामात तयार झालेले भरड कण मोडून बारीक होतात आणि आतल्या बारीक पोकळ्या मिटतात. कण बारीक असले की पोलादाची ताकद आणि चिवटपणा दोन्ही एकदम वाढतात. हे विशेष आहे, कारण पोलाद अधिक ताकदवान करण्याच्या बाकीच्या बहुतेक उपायांमध्ये चिवटपणा गमवावा लागतो. म्हणूनच आजच्या मिलमध्ये केवळ जाडीकडे नव्हे, तर शेवटच्या स्टँडमधले तापमान आणि त्यानंतरच्या पाण्याचे प्रमाण यांकडेही तितक्याच काटेकोरपणे पाहिले जाते. तेल आणि वायू वाहून नेणाऱ्या नळांच्या पोलादात शेकडा काही शतांश इतके नायोबियम हे मूलद्रव्य घालतात. ते पुनःस्फटिकीकरण लांबवते, कण चेपलेल्या अवस्थेतच राहतात आणि थंड होताना त्यांतून अतिशय बारीक कण तयार होतात.

तापलेल्या पत्र्यावर गंजाची काळसर पापुद्री असते आणि त्याची मापेही अगदी नेमकी नसतात. म्हणून मोटारीच्या दारासाठी किंवा फ्रिजसाठी लागणारा पत्रा पुढे हायड्रोक्लोरिक आम्लाच्या टाक्यांतून धुऊन काढतात आणि न तापवता पुन्हा लाटतात. यात जाडी बहुधा निम्म्याहून खाली येते, पृष्ठभाग गुळगुळीत होतो, पण पत्रा इतका कडक होतो की त्याला खोल आकार द्यायला जावे तर तो फाटतो. त्याला बंद भट्टीत सुमारे ७०० अंशांवर ठेवून मऊ करतात आणि शेवटी अगदी हलके, एखाद टक्का जाडी कमी करणारे, आणखी एक रोलिंग देतात. हे शेवटचे रोलिंग पाहणाऱ्याला अनावश्यक वाटते. ते वगळले तर मात्र मऊ पत्रा प्रेसमध्ये ताणताना त्याच्यावर वेड्यावाकड्या रेषा उमटतात, आणि त्या रंगाखालीही लपत नाहीत.

दुकानात एचआर (हॉट रोल्ड) आणि सीआर (कोल्ड रोल्ड) अशा दोन नावांनी पत्रा विकला जातो तो हाच. सांगाडा, ब्रॅकेट, ट्रॉली यांसाठी एचआर पुरतो आणि स्वस्तही पडतो. रंग चांगला बसायला हवा आणि माप नेमके हवे असेल तिथे सीआरला पर्याय नाही.

अलीकडच्या काळात स्लॅब जाड ओतून मग पातळ करण्याऐवजी ती पातळच ओतण्याची पद्धत रूढ झाली आहे. १९८९ मध्ये अमेरिकेतील क्रॉफर्ड्सव्हिल येथे असा पहिला व्यापारी कारखाना सुरू झाला, आणि आपल्याकडे रायगड जिल्ह्यातील डोलवी येथेही याच पद्धतीची मिल आहे. पाचसहा सेंटीमीटर जाडीची स्लॅब गरम असतानाच लांब भट्टीतून थेट अखेरची जाडी देणाऱ्या फिनिशिंग स्टँडमध्ये जाते. त्यामुळे ती थंड करून पुन्हा तापवण्याचे इंधन वाचते.

सर्वांत पातळ टोकाला ॲल्युमिनियमची फॉइल आहे. पत्रा जितका पातळ, तितका त्याला आणखी दाबण्यासाठी लागणारा दाब वाढत जातो आणि शेवटी रोलच चेपू लागतो. म्हणून अखेरच्या फेरीत दोन फॉइल एकत्र ठेवून लाटतात आणि नंतर वेगळ्या करतात. रोलला लागलेली बाजू चकचकीत होते, एकमेकींना लागलेल्या बाजू मंद राहतात. अन्न चकचकीत बाजूने गुंडाळावे की मंद बाजूने, या चर्चेत काही तथ्य नाही. दोन्ही बाजू एकाच धातूच्या आहेत.

खाचांचे रोल आणि सळई

आतापर्यंतचे रोल सपाट होते. रोलवर खाचा कोरल्या, तर त्या खाचांच्या आकाराची सळई, अँगल किंवा रूळ निघतो. इंग्लंडमधील हेन्री कॉर्ट याने १७८३ मध्ये खाचांच्या रोलांचे पेटंट घेतले, आणि घणाखाली ठोकून पट्ट्या काढण्याचे जिकिरीचे काम मागे पडत गेले. सळई करताना चौरस बिलेट (पोलादाचा लांब, चौकोनी छेदाचा ठोकळा) एकदम गोल करता येत नाही; ते आळीपाळीने लंबगोल आणि गोल किंवा चौकोनी खाचांतून काढतात, आणि दर वेळी पट्टी नव्वद अंशांत वळवून दाब दुसऱ्या बाजूने देतात. १०० मिलिमीटर चौरस आणि ६ मीटर लांब बिलेटमधून १२ मिलिमीटरची सळई काढली, तर तिची लांबी पाचशे मीटरहून जास्त होते.

महाराष्ट्रात या कामाचे केंद्र जालना आहे. तिथल्या कारखान्यांत भंगार वितळवून बिलेट ओतायचे आणि ते लाटून टीएमटी (रोलिंगनंतर लगेच पाण्याने थंड करून कठीण केलेली) सळई करायची, हा मोठा उद्योग आहे. शेवटच्या स्टँडच्या खाचेतच सळईवरच्या उठावाच्या रेषा कोरलेल्या असतात. काँक्रीटने सळई घट्ट धरावी म्हणून त्या असतात. खरी युक्ती त्यानंतरची आहे. हजारेक अंश तापलेली सळई मिलमधून निघताच जोरदार पाण्याच्या नळीतून जाते आणि सेकंदभराच्या आत तिचे बाहेरचे कवच झपाट्याने थंड होऊन अतिशय कठीण बनते, पण गाभा अजून लाल असतो. पाण्यातून बाहेर आल्यावर गाभ्यातली उष्णता बाहेर झिरपते आणि त्या कठीण, ठिसूळ कवचाला पुन्हा थोडे नरम करून चिवट बनवते. गाभा स्वतः हवेत सावकाश थंड होऊन मऊ राहतो. बाहेर ताकद आणि आत लवचिकता, असे दोन्ही गुण वेगळी महाग मिश्रधातू न घालता मिळतात. पूर्वीची टॉर सळई थंड असताना पिळून कठीण केलेली असे, आणि पिळण्यात तिची लवचिकता कमी होत असे.

सळईवर ५०० किंवा ५०० डी असे छापलेले असते. भारतीय मानक १७८६ नुसार ५०० हा आकडा सळई कायमची ताणली जाऊ लागण्याच्या ताणाचा आहे, मेगापास्कलमध्ये. डी अक्षर जास्त लवचिकतेचे आहे: साध्या ५०० सळईला तुटण्याआधी किमान १२ टक्के लांबण्याची अट आहे, तर ५०० डीला १६ टक्के. भूकंपात इमारत तग धरते ती सळई ताणली जाऊनही तुटत नाही म्हणून, त्यामुळे घर बांधणाऱ्याने दरात थोडा फरक पडला तरी डीची सळई मागावी असे मी आग्रहाने सांगेन.

या मिलमध्ये काम करणाऱ्यांच्या धोक्याचाही इथे उल्लेख व्हायला हवा. सळईचे टोक पुढच्या स्टँडच्या वाटेत शिरायचे चुकले, तर मागून येणारी लाल सळई थांबत नाही. ती उसळून हवेत वेटोळी घालते. याला कॉबल म्हणतात. टोके नीट कातरणे, वाट दाखवणारी गाइड वेळच्या वेळी बदलणे आणि स्टँडजवळ माणूस उभा राहणार नाही अशी रचना करणे, यावर तिथली सुरक्षितता अवलंबून असते. जिथे आजही पट्टी हाताने चिमट्यात पकडून परत रोलात घातली जाते, तिथे ही रचना करण्याला उत्पादनवाढीच्याही आधी स्थान मिळायला हवे.

पत्र्याची दिशा

शेवटी फॅब्रिकेशन करणाऱ्यांच्या रोजच्या उपयोगाची एक बाब. रोलिंगमध्ये धातूचे स्फटिककण आणि त्यात राहिलेले अशुद्ध कण एकाच दिशेने लांबतात, त्यामुळे पत्रा सर्व दिशांना सारखा राहत नाही. जाड किंवा जास्त ताकदीचा पत्रा काटकोनात वाकवायचा असेल, तर वाकवण्याची रेषा रोलिंगच्या दिशेला आडवी घ्यावी. ती समांतर घेतली तर बाहेरच्या बाजूला भेग पडण्याची शक्यता वाढते, आणि नाइलाजाने तशीच घ्यावी लागली तर वळणाची त्रिज्या मोठी ठेवावी. रोलिंगची दिशा बहुधा पत्र्यावरच्या बारीक समांतर रेघांवरून ओळखू येते, आणि कॉइलमधून, म्हणजे पत्र्याच्या गुंडाळीतून, कापलेल्या पत्र्यात ती कॉइलच्या लांबीचीच असते. एका मोठ्या पत्र्यातून जास्तीत जास्त तुकडे बसवण्यासाठी काही तुकडे आडवे फिरवले जातात. तेव्हा वाचणाऱ्या पत्र्याबरोबर त्या तुकड्यांची वळणरेषा कोणत्या दिशेला येते, हेही कापण्याआधी नकाशावर तपासून घ्यावे.